रेषेआधीची निवड: संगणकीय खेळांची चित्रकला आणि तिची साधने

साहित्याच्या वर्गात क्वचितच विचारला जाणारा एक प्रश्न गेल्या वर्षी माझ्यासमोर आला. पदवीच्या शेवटच्या वर्षातील एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "सर, मला संगणकावरच्या खेळांसाठी चित्रे काढायची आहेत. कोणते यंत्र घ्यावे आणि कोणते सॉफ्टवेअर शिकावे?" त्याच्या वडिलांनी ह्या कामासाठी एकदाच पैसे देण्याचे कबूल केले होते. निवड चुकली तर ती दुरुस्त करण्याची संधी लवकर मिळणार नव्हती. 'दुकानदाराला विचार' असे सांगून मला मोकळे होता आले असते. परंतु दुकानदार यंत्राचा वेग आणि किंमत सांगेल. त्या यंत्राने कोणती चित्रे सहज निघतील, कोणती निघणारच नाहीत, आणि दहा वर्षांनी ती उघडता तरी येतील का, हे तो सांगणार नाही. ह्या गोष्टी समजून घ्यायच्या तर इतिहासाकडेच जावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला असा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. साठच्या दशकातील मराठी लघु अनियतकालिकांविषयी बोलताना आपण चक्रमुद्रणाच्या यंत्राचा उल्लेख टाळू शकत नाही. थोड्या पैशांत, कोणा प्रकाशकाच्या संमतीवाचून प्रती काढता येणे ही त्या चळवळीतली केवळ तांत्रिक बाब नव्हती. कोण लिहू शकेल आणि काय लिहू शकेल, ह्याच्याशी तिचा थेट संबंध होता. खेळांच्या चित्रकलेतही साधनाची निवड ही दुहेरी निवड असते. चित्रकार एक मर्यादा स्वीकारतो, आणि त्या मर्यादेची दोरी कोणाच्या हाती राहणार हेही नकळत ठरवून टाकतो. पहिल्या निवडीतून शैली जन्माला येते. दुसरीतून त्या कलेचे आणि कलावंताचे भवितव्य ठरते. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीचे महत्त्व मात्र बहुधा वेळ निघून गेल्यावर लक्षात येते.

प्रारंभीच्या काळात निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण निवडण्यासारखे काही उपलब्ध नव्हते. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आणला. त्याची कल्पना, आज्ञावली आणि चित्रे ही सर्व तोमोहिरो निशिकादो ह्या एकाच माणसाची. खेळ घडवण्यासाठी लागणारी साधनेही त्याला स्वतःच तयार करावी लागली. ऑक्टोपस, स्क्विड आणि खेकडा ह्यांची आठवण करून देणाऱ्या त्याच्या परग्रहवासी आकृत्या मोजक्या ठिपक्यांच्या आहेत. ठिपका आहे किंवा नाही, एवढीच भाषा चित्रकाराच्या हाती होती. अशा चित्रासाठी खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे साधन म्हणजे चौकटींचा कागद. कागदावर चौकटी भरायच्या, मग भरलेल्या आणि रिकाम्या चौकटींचे आकड्यांत रूपांतर करायचे आणि ते आकडे यंत्रात घालायचे, अशी ती रीत होती.

१९८१ सालच्या 'डाँकी काँग' ह्या खेळातील नायकाचे उदाहरण सर्वपरिचित आहे, तरीही ते येथे देणे आवश्यक आहे. शिगेरु मियामोतो हा आज्ञावली लिहिणारा तंत्रज्ञ नव्हता. त्याचे शिक्षण औद्योगिक आरेखनाचे होते. इतक्या थोड्या ठिपक्यांत केस नीट दाखवता येईनात, म्हणून नायकाच्या डोक्यावर टोपी आली. तोंड रेखाटायला जागा नव्हती, म्हणून नाकाखाली मिशी आली. धावताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून सदऱ्यावर वेगळ्या रंगाची, खांद्यावर पट्टे असलेली विजार आली. पुढे 'मारिओ' म्हणून जगभर ओळखला गेलेला चेहरा असा अभावातून घडला. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ह्यांचा आकार एकच आहे, फरक फक्त रंगाचा. आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा छोट्या तुकड्यांतून त्या यंत्रावरचे चित्र रचले जाई आणि अशा तुकड्यांची संख्याही मर्यादित असे. एकच तुकडा दोनदा वापरणे ही तेथे काटकसर होती, आळस नव्हे. त्या खेळातील प्रदेशांचे आराखडेसुद्धा मियामोतो आणि ताकाशी तेझुका ह्यांनी आधी चौकटींच्या कागदावरच काढले होते.

ह्या काळातील आणखी एका साधनाकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच. त्याच्या पडद्यावर ठिपक्याच्या कडा किंचित पसरत, शेजारचे रंग एकमेकांत मिसळत. चित्रकार कागदावर कडक चौकटी भरत असला तरी अंतिम चित्र ह्या मऊ पडद्यावर उमटणार आहे, हे ध्यानात ठेवावे लागे. तीच चित्रे आजच्या सपाट पडद्यावर पाहिली की ती मुळापेक्षा अधिक खडबडीत दिसतात. थोडक्यात, ज्या पडद्यावर चित्र पाहिले जाणार तोही चित्रकाराच्या अवजारांपैकीच एक होय.

चित्रकाराच्या हाती खऱ्या अर्थाने स्वतंत्र अवजार आले ते १९८५ साली. त्या वर्षी अमिगा हा संगणक बाजारात आला. चार हजार शहाण्णव रंगांतून निवडलेले बत्तीस रंग तो एका वेळी पडद्यावर दाखवू शकत असे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या कंपनीतील डॅन सिल्वा ह्याने कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी एक चित्रप्रणाली लिहिली होती. त्याच वर्षी ती 'डिलक्स पेंट' ह्या नावाने विक्रीस आली. चित्राचा कोणताही भाग कापून त्यालाच कुंचला बनवणे, एका बाजूला मोठे केलेले ठिपके आणि दुसऱ्या बाजूला मूळ आकारातील चित्र एकाच वेळी पाहणे, काही रंगांची अदलाबदल करत ठेवून स्थिर चित्रात पाणी वाहते आहे असा भास निर्माण करणे, ह्या सोयी तिच्यात होत्या. आज त्या सामान्य वाटतील. त्या काळी मात्र त्यांचा अर्थ असा होता, की चित्र काढण्यासाठी आकड्यांची भाषा येणे आता आवश्यक राहिले नाही. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला, संगणकाला कधी हात न लावलेला माणूसही ह्या क्षेत्रात येऊ शकत होता.

मार्क फेरारी हा असाच एक चित्रकार. रंगीत पेन्सिलींनी अद्भुतरम्य चित्रे काढणारा फेरारी १९८७ साली लुकासफिल्म गेम्स ह्या संस्थेत आला. त्या वेळच्या बहुसंख्य व्यक्तिगत संगणकांवर सोळाच रंग दाखवता येत, आणि तेही ठरलेले: भडक निळा, भडक जांभळा, भडक हिरवा. फेरारीने दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून मांडले. दूरून पाहता डोळ्याला तिसराच, सौम्य रंग दिसू लागला. अडचण निघाली ती वेगळ्याच ठिकाणी. चित्रे साठवताना 'निळा, चाळीस वेळा' अशा पद्धतीने सलग रंगाची नोंद करून जागा वाचवली जाई. आलटून पालटून मांडलेल्या ठिपक्यांत सलग असे काही उरतच नव्हते, त्यामुळे चित्र फार जागा खाऊ लागले आणि आरंभी ह्या पद्धतीला नकार मिळाला. पुढे तेथील तंत्रज्ञांनी साठवणुकीची रीत सुधारली आणि १९९० सालच्या 'लूम' व 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' ह्या खेळांतील रात्रीचे आकाश शक्य झाले. चित्रकाराचे सॉफ्टवेअर आणि खेळाचे यंत्र ही दोन वेगळी साधने आहेत, हे ह्या प्रसंगातून स्पष्ट होते. पहिल्यात जे सुंदर दिसते ते दुसऱ्याला पेलेलच असे नाही. आजही खेळासाठी चित्रे काढणारा नवोदित बहुधा येथेच अडखळतो: चित्र उत्तम जमलेले असते, पण खेळाच्या आत ते जड ठरते.

ह्याच सुमारास एक उलटा प्रवाहही दिसतो. साधने जसजशी समर्थ होत गेली तसतसे काही कलावंत कागदाकडे, मातीकडे, कॅमेऱ्याकडे वळले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'साठी जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावताना आणि उड्या मारताना चित्रित केले, त्या चित्रफितीतील एकेका क्षणाची छायाचित्रे घेतली, त्यांवर काळ्या-पांढऱ्या रंगांनी आकृती ठळक केली आणि मग त्या आकृत्या अ‍ॅपल टू संगणकात उतरवल्या. त्या राजपुत्राच्या हालचालीतील माणूसपण आले ते ह्या कष्टातून. संगणकाची स्मृती मात्र अपुरी होती. नव्या शत्रूच्या आकृत्यांसाठी जागा उरली नव्हती. तेव्हा नायकाच्याच आकृत्या गणिती क्रियेने पालटून त्यातून छायापुरुष निर्माण केला गेला. हा छायापुरुष कथेच्या दृष्टीने खेळातील सर्वांत अर्थपूर्ण पात्र ठरला, कारण नायकाला अखेरीस आपल्याच सावलीशी समेट करावा लागतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या ठिकाणी थोडे थांबावे. आशयाची एवढी मोठी कल्पना येथे प्रेरणेतून आलेली नाही. ती जागेच्या टंचाईतून आली आहे.

१९९१ सालच्या 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागाची पार्श्वचित्रे कागदावर रंगवून मग संगणकात घेण्यात आली. १९९३ सालच्या 'डूम'मधील काही राक्षस आधी मातीत घडवले गेले, त्यांची निरनिराळ्या बाजूंनी चित्रे टिपली गेली आणि मग ठिपक्या-ठिपक्याने ती सुधारली गेली. नायकाच्या हातातील बंदुकांसाठी खेळण्यांच्या दुकानातील बंदुका उपयोगी पडल्या. २०१७ सालच्या 'कपहेड'मधील हालचालींची चित्रे १९३० च्या दशकातील व्यंगचित्रपटांच्या धर्तीवर कागदावर पेन्सिलीने काढून, शाईने गिरवून, मग संगणकात रंगवलेली आहेत. तेव्हा 'डिजिटल चित्र' म्हणजे अथपासून इतिपर्यंत संगणकावर काढलेले चित्र, ही समजूत इतिहासाला धरून नाही. खेळाच्या चित्रकारासाठी कागद, पेन्सिल आणि साधा कॅमेरा ही आजही पहिल्या खरेदीतील साधने आहेत, आणि ती बहुधा घरी असतातच.

हाताची रेषा आणि पडदा ह्यांतील अंतर कमी करण्याचे काम चित्रलेखनाच्या पाटीने केले. उंदराने रेषा ओढणे म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखे आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या वाकॉम ह्या जपानी कंपनीने तारेवाचून आणि विद्युतघटावाचून चालणारी लेखणी विकसित केली. पाटीखालील तारांचे जाळे एक विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण करते, लेखणीतील वेटोळे त्यातूनच शक्ती घेते आणि आपले स्थान व टोकावरील दाब उलट कळवते. दाब कळतो म्हणून रेषा जाड-बारीक होते, आणि रेषा जाड-बारीक होते म्हणून तिच्यात हाताचा स्वभाव उतरतो. सुरुवातीच्या पाट्यांत चित्र पाटीवर दिसत नसे: हात खाली, डोळे समोरच्या पडद्यावर. ही सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण ती होते. पुढे पडद्यावरच लेखणी टेकवता येईल अशी यंत्रे आली. २०१५ सालापासून आयपॅड प्रो आणि त्याच्या लेखणीने ती सोय पिशवीत मावेल इतकी सुटसुटीत केली. सोय निःसंशय मोठी आहे, पण किंमतही मोठी आहे. पडदा नसलेल्या साध्या पाटीवर काढलेली रेषा केवळ त्या कारणाने कमी प्रतीची ठरत नाही.

किमतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उग्र झाला तो त्रिमितीय चित्रणाच्या आगमनाने. १९९४ साली इंग्लंडमधील रेअर ह्या संस्थेने 'डाँकी काँग कंट्री' हा खेळ तयार केला. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या अतिशय महागड्या संगणकांवर पात्रांची त्रिमितीय प्रतिरूपे घडवायची, प्रकाश टाकून त्यांची चित्रे काढायची आणि मग ती चित्रे आकसून साध्या घरगुती खेळयंत्राच्या पंधरा रंगांत बसवायची, असा तो खटाटोप होता. फळ डोळे दिपवणारे होते. परंतु डिलक्स पेंटने जो दरवाजा उघडला होता तो येथे पुन्हा किलकिला झाला. चौकटींचा कागद कोणीही विकत घेऊ शकतो. असला संगणक घेणे एकट्या चित्रकाराच्या आवाक्याबाहेरचे होते. कलावंत आता साधनाचा मालक उरला नाही. साधन ज्या संस्थेकडे, त्या संस्थेत त्याला नोकरी धरावी लागली.

ह्या पार्श्वभूमीवर ब्लेंडरची हकीकत वाचण्यासारखी आहे. नेदरलंड्समधील निओजिओ ह्या चित्रण-संस्थेत टॉन रोझेन्डालने १९९४ साली हे त्रिमितीय सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्याच्या प्रसारासाठी १९९८ साली वेगळी कंपनी निघाली, आणि २००२ साली ती बुडाली. एरवी अशा वेळी सॉफ्टवेअरही कंपनीबरोबर बुडते. हक्क धनकोंकडे जातात आणि ते शिकण्यात वर्षे घालवलेले कलावंत रिकाम्या हाताने उरतात. येथे तसे झाले नाही. एक लाख युरो दिल्यास मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यास हक्कधारकांनी मान्यता दिली, आणि वापरणाऱ्यांनी ती रक्कम सात आठवड्यांत उभी केली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त परवान्याखाली खुले झाले. अवजार वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढून ते कायमचे सोडवून घेतले, अशी उदाहरणे कलेच्या इतिहासात विरळाच. त्यानंतर बराच काळ व्यावसायिक वर्तुळात ब्लेंडरकडे हौशी माणसांचे सॉफ्टवेअर म्हणून पाहिले गेले. २०१९ साली त्याची नवी, सुटसुटीत मांडणी आली आणि त्याच वर्षी एपिक गेम्स ह्या बड्या कंपनीने त्याला बारा लक्ष डॉलरांचे अनुदान जाहीर केले. त्यानंतर ही अढी बरीच निवळली.

उलट दिशेचा प्रवास पाहायचा तर फोटोशॉपकडे पाहावे. १९९० साली आलेले, नोल बंधूंनी लिहिलेले हे सॉफ्टवेअर खेळांच्या चित्रकारांचेही प्रमुख अवजार बनले. एकदा किंमत मोजली की ती प्रत आपली, असा व्यवहार तेव्हा होता. २०१३ साली अ‍ॅडोबी कंपनीने ही पद्धत संपवण्याचे जाहीर केले. तेव्हापासून नव्या आवृत्त्या केवळ वर्गणी भरूनच वापरता येतात. वर्गणी थांबली की अवजार थांबते. येथे कोणा कंपनीला दोष देण्याचा हेतू नाही. व्यवसायाला व्यवसायाचे गणित असते. पण घर विकत घेणे आणि घर भाड्याने घेणे ह्यांत जो फरक आहे तो ह्या दोन व्यवहारांत आहे, आणि भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकताना तो विसरू नये.

भाड्याच्या घराहूनही बिकट अवस्था होते ती घरच पाडले जाते तेव्हा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या फ्लॅश ह्या सॉफ्टवेअरने महाजालावर छोट्या खेळांचे एक विश्व उभे केले. रेषा काढणे, तिला हालचाल देणे आणि तिचा खेळ बनवणे ही तीनही कामे एकाच ठिकाणी होत असल्याने एकटा विद्यार्थीसुद्धा खेळ घडवू शकत होता. याकुब द्वोर्स्की ह्या चेक कलावंताचा 'सामोरोस्त' हा २००३ सालचा खेळ म्हणजे प्रागच्या कला-वास्तुकला-आरेखन अकादमीतील त्याचे पदवीचे काम होते. पुढे सुरक्षेच्या त्रुटी आणि बदललेली यंत्रे ह्यांमुळे फ्लॅश मागे पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार अधिकृतपणे काढून घेण्यात आला. दोन दशकांतील असंख्य खेळ ब्राउझरमध्ये दिसेनासे झाले. 'सामोरोस्त'चा कर्ता हयात आणि जागरूक होता, म्हणून २०२१ साली तो खेळ नव्या रूपात पुन्हा आला. ज्यांचे कर्ते दुसऱ्या उद्योगांना लागले होते त्यांच्या खेळांसाठी २०१८ पासून 'फ्लॅशपॉइंट' ह्या प्रकल्पातील स्वयंसेवक धडपडत आले आहेत. दुर्मीळ हस्तलिखिते शोधत हिंडणाऱ्या संशोधकांची आठवण करून देणारे हे काम आहे. फरक इतकाच, की हस्तलिखितांना वाळवी लागायला शंभर वर्षे लागत. येथे एक तारीख पुरली.

खेळ ज्या यंत्रणेत बांधला जातो तिच्याविषयीही हाच विचार लागू होतो. २०२३ सालच्या सप्टेंबरात युनिटी ह्या लोकप्रिय यंत्रणेच्या चालकांनी, खेळ जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल त्या हिशेबाने शुल्क घेण्याचे जाहीर केले. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या यंत्रणेवर काम केले होते त्यांच्यात मोठा असंतोष उसळला आणि वर्षभराने हा निर्णय रद्द झाला. तो रद्द झाला ही चांगली गोष्ट. पण आपल्या कामाच्या अटी एका सकाळी दुसरा कोणी बदलू शकतो, हे त्या वर्षभरात अनेकांना प्रथमच कळले. अर्जेंटिनातील दोघांनी सुरू केलेली आणि २०१४ साली सर्वांसाठी खुली केलेली 'गोडो' ही यंत्रणा अनेकांनी ह्याच काळात शिकायला घेतली.

ह्या साऱ्याचा अर्थ, महाग किंवा खाजगी मालकीचे साधन वापरूच नये, असा नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' ह्या खेळाचे उदाहरण घेऊ. तो अनरिअल ह्या यंत्रणेवर बांधलेला आहे, आणि ती एपिक गेम्स ह्या कंपनीच्या मालकीची आहे. परंतु खेळातील कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात मांडलेले आहेत आणि रंगसंगतीमागे पहाडी लघुचित्रांची प्रेरणा आहे. अनरिअल यंत्रणा जगभर बहुधा वास्तवाभासी चित्रणासाठी नावाजली जाते. पुण्याच्या चित्रकारांनी तिला आपल्या गरजेकडे वळवले. साधनाचा एक कल असतो. तो ओळखून त्याच्या विरुद्ध जाण्याची ताकद चित्रकाराकडे असली, तर साधन त्याच्यावर स्वार होत नाही. त्या ताकदीचा उगम मात्र सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. तिच्यासाठी लघुचित्रे पाहिलेली असावी लागतात.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? प्रथम हे, की खेळाचे चित्र कोणत्या जातीचे हवे ते ठरव. ठिपक्यांचे चित्र काढायचे तर साधा जुना संगणक आणि उंदीरही पुरतो. एरिक बरोन ह्याने २०१६ सालच्या 'स्टारड्यू व्हॅली'तील सारी चित्रे एकट्याने, त्याही पुन्हा पुन्हा, ठिपक्या-ठिपक्यानेच काढली. रंगवलेले चित्र हवे तर पैसे पाटी आणि बऱ्या पडद्यावर खर्च कर. पाटी बिनपडद्याची चालेल, आणि 'क्रिटा'सारखे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्रिमितीय काम करायचे असेल तरच संगणकाच्या चित्रण-क्षमतेवर आणि स्मृतीवर मोठी रक्कम घाल. त्यासाठी ब्लेंडर आहेच. नोकरीच्या ठिकाणी दुसरे सॉफ्टवेअर वापरत असतील तर ते तेथे शिकता येईल. रेषा, छाया, प्रमाण ह्यांचे ज्ञान एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात सहज जाते, तेथे कळफलकाच्या सवयी तेवढ्या बदलाव्या लागतात. आणि शेवटचे: प्रत्येक पूर्ण झालेल्या चित्राची एक प्रत अशा खुल्या स्वरूपात ठेव, की ती उघडण्यासाठी कोणाची वर्गणी भरावी लागू नये.

त्याने हे सर्व वहीत उतरवून घेतले. मग मी त्याला एक काम दिले. खरेदी महिनाभर लांबव आणि तोवर गणिताच्या चौकटीच्या वहीत सोळा चौकटी रुंद, सोळा चौकटी उंच अशी एक आकृती चारच रंगांत काढून आण.

तीन आठवड्यांनी तो आला. त्याने वासुदेव काढला होता. अर्ध्याहून अधिक पाने खोडलेली होती. मोरपिसांची टोपी उंच असल्यामुळे तिनेच वरच्या सहा ओळी व्यापल्या होत्या आणि चेहऱ्याला चार चौकटी उरल्या होत्या. डोळे त्याने काढलेच नव्हते. हातातील टाळ अंगरख्यात हरवत होते, म्हणून त्याने दोन्ही हात शरीरापासून दोन चौकटी दूर नेले होते, आणि त्यामुळे तो वासुदेव नाचतो आहे असे वाटत होते. "हात लांब नेले ते दिसावेत म्हणून," तो म्हणाला, "नाच आपोआप आला." मियामोतोच्या टोपीची आणि मिशीची गोष्ट मी त्याला त्यानंतर सांगितली.

पुढच्या आठवड्यात तो वडिलांबरोबर खरेदीला गेला. बिनपडद्याची एक पाटी आणि एक वापरलेला संगणक घेऊन, ठरलेल्या रकमेतले काही पैसे त्याने परत आणले.